रात्री बोया ओळखताना आधी काय बघायचं: रंग, ठेका की टॉपमार्क?

करावे_काठ

मंडळी नमस्कार. लहान यांत्रिक बोटीच्या परवान्याची तोंडी परीक्षा जवळ आलीय. बोयांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या खुणांचा, तक्ता पाठ आहे, कागदावर कुणी विचारलं तर झोपेतही सांगेन. अडचण अंधारातली आहे. बेलापूरच्या बाजूनं खाडीतून घारापुरीकडे निघालं की मागं पाम बीच रोडचे दिवे, समोर अटल सेतूची आडवी माळ आणि तिच्या पलीकडे न्हावा-शेव्याच्या क्रेन. एवढ्या लखलखाटात बोयाचा इवलासा दिवा शोधायचा, आणि वर तो कशाचा हेही ठरवायचं. माझ्या शंका:

1) रात्री आधी रंग बघायचा की फ्लॅश मोजायचे? पश्चिमेच्या बोयाचे नऊ फ्लॅश मोजताना कधी आठ भरतात, कधी दहा.

2) ‘लाल डावीकडे’ म्हणतात ते बेलापूरहून निघताना की परतताना? आणि ठाणे खाडीत वर, ऐरोलीकडे जाताना काय?

3) दिवसा टॉपमार्क (बोयाच्या डोक्यावरचा आकार) दुरून नुसता काळा डाग दिसतो. पूर्व आणि पश्चिम यांत हमखास गल्लत होते.

4) नकाशावर बोयाशेजारी छापलेली अक्षरं कोणत्या क्रमानं वाचायची?

सुकाणू_सांभाळ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, बाकीचे जाणकार बघतील.

रंग शेवटी. आधी ठेका, मग आवर्तन किती सेकंदांचं, त्यानंतर रंग, आणि एवढं झालं की नकाशा. कारण साधं आहे. अंतर आणि धुरकं रंगाला खातात, ठेक्याला खात नाहीत. पिवळा एलईडी मैलभरावरून सहज पांढरा वाटतो, पांढरा एलईडी निळसर वाटतो, फिका हिरवा दिवा शहराच्या उजेडात पांढऱ्यात मिसळून जातो. पण सहा फ्लॅश आणि सातवा लांब, हे धुरक्यातूनही सहा आणि एक लांब असंच दिसणार.

शब्दांचे अर्थ नीट धरा, परीक्षेत इथंच अडवतात. फ्लॅशिंग म्हणजे उजेड थोडा, अंधार जास्त. ऑकल्टिंग त्याच्या उलट, दिवा लागलेलाच असतो आणि मधेच डोळा मिटतो. आयसोफेजमध्ये उजेड-अंधार समसमान. क्विक म्हणजे मिनिटाला 50 ते 79 फ्लॅश, प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी 50 किंवा 60. व्हेरी क्विक 80 ते 159, प्रत्यक्षात 100 किंवा 120. सेकंदाला एक टिचकी म्हणजे क्विक, सेकंदाला दोन म्हणजे व्हेरी क्विक, एवढा अंदाज हाताला बसला की पुरे. लाँग फ्लॅश कमीत कमी 2 सेकंदांचा असतो, तो कळायला घड्याळ लागत नाही.

आता चार दिशांचे कार्डिनल बोये, म्हणजे धोक्याच्या कुठल्या बाजूला उभे आहेत ते सांगणारे. सगळ्यांचा दिवा पांढरा. घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणा: पूर्व 3 वाजता, दक्षिण 6, पश्चिम 9, उत्तर 12. तितकेच फ्लॅश. बारा कुणी मोजत बसणार नाही, म्हणून उत्तरेचा दिवा अखंड टिचक्या मारत राहतो, थांबतच नाही.

पूर्व: व्हेरी क्विक 3, दर 5 सेकंदांनी, किंवा क्विक 3, दर 10 सेकंदांनी.
दक्षिण: व्हेरी क्विक 6 आणि एक लाँग, दर 10, किंवा क्विक 6 आणि एक लाँग, दर 15.
पश्चिम: व्हेरी क्विक 9, दर 10, किंवा क्विक 9, दर 15.

आठ की दहा याचा घोर नको. आठ फ्लॅशचा कार्डिनल नाही, दहाचाही नाही. आठ मोजले तरी तो नऊच. तीन कधी कुणी चुकत नाही. खरी धास्ती सहा आणि नऊ यांची: लाटेआड दोन-तीन गेले की नवाचे सहा होतात. म्हणूनच सहाच्या शेपटीला तो लाँग फ्लॅश लावलाय. शेवटी लांब दिसला तर दक्षिण, मग आधीचे पाच मोजले असोत की सात. लांब नाही आणि भरपूर टिचक्या आहेत, तर पश्चिम. आकडा चुकला तरी उत्तर चुकू नये अशी ती रचना आहे.

मोजायची पद्धत. अर्ध्यातून दिसलेला पहिला गट सोडून द्या. पुढच्या गटाचा पहिला फ्लॅश पडला की स्टॉपवॉच सुरू, तिसरं आवर्तन संपून चौथ्या गटाचा पहिला फ्लॅश पडला की बंद, आणि तिनानं भागा. गटाच्या शेवटापासून मोजायला लागलात तर नेहमी चुकाल, कारण शेवटचा फ्लॅश कोणता हे अंधार झाल्यावरच कळतं.

मोबाइलचा स्टॉपवॉच वापरायचा नाही. अंधाराला डोळे सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि पांढरा स्क्रीन ती कमाई दोन सेकंदांत घालवतो. मनगटावरचं साधं घड्याळ उत्तम. फिका दिवा हरवला तर थेट त्याच्यावर नजर रोखू नका, किंचित बाजूला बघा. अंधारात डोळ्याचा मधला भाग आंधळाच असतो, कडेचा भाग जास्त पकडतो.

चेंदणी_बंदर

दुसरा प्रश्न माझा.

बोयांचे जागतिक नियम ठरवणारी संस्था म्हणजे आयाला. भारत तिच्या ‘अ’ प्रदेशात येतो. या प्रदेशात समुद्राकडून बंदरात शिरताना लाल डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवायचा. अमेरिका खंड, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्स ‘ब’ प्रदेशात, तिथं रंग उलट. 1980 साली तोक्योच्या परिषदेत हे दोन प्रदेश कायम झाले. त्याआधी जगात तीसहून जास्त पद्धती होत्या, म्हणजे आपली डोकेदुखी बरीच कमी झालीय.

तेव्हा ‘लाल डावीकडे’ हे अर्धं वाक्य आहे. पूर्ण वाक्य: समुद्राकडून आत येताना लाल डावीकडे. बेलापूरहून घारापुरीकडे निघालात तर तुम्ही बाहेर पडताय, लाल उजव्या हाताला येणार. परतताना डाव्या. घारापुरीच्या पुढून मुंबई बंदराच्या मुख्य मार्गात वळून ठाणे खाडीकडे वर निघालात की पुन्हा ‘आत’, म्हणजे लाल डावीकडे. एकाच फेरीत दिशा दोनदा बदलते आणि माणूस तिथंच फसतो. मनात ‘डावा-उजवा’ ठेवण्यापेक्षा काठ ठेवा. मुख्य मार्गात आत शिरताना नाळ (बोटीचं पुढचं टोक) साधारण ईशान्येला असते, म्हणजे लाल बाजू मुंबई शहराची आणि हिरवी बाजू उरण-न्हाव्याची. तुम्ही कुठल्याही दिशेला तोंड करा, काठ जागा बदलत नाहीत.

ठाण्याला दोन बाजूंनी पाणी येतं. एक मुंबई बंदरातून वाशी-ऐरोलीवरून, दुसरं वसईच्या मुखातून भाईंदर-घोडबंदरवरून. दोन्हीकडे ‘आत’ म्हणजे समुद्राकडून वर. जिथं ही दिशा मनानं ठरवता येत नाही तिथं नकाशावर जांभळट रंगाचा जाड पोकळ बाण आणि त्याच्या दोन बाजूंना दोन ठिपके असतात. तो बाण हाच शेवटचा शब्द.

आकारही धरा. लाल बोया डब्यासारखा, किंवा उभ्या खांबावर लाल डब्याचा टॉपमार्क. हिरवा शंकूसारखा, किंवा वर टोक असलेला हिरवा शंकू. दिवे आपापल्या रंगाचे, ठेका कुठलाही चालतो, फक्त 2+1 सोडून. अरुंद मार्गात क्रमांक समुद्राकडून वाढत जातात, लालवर सम आणि हिरव्यावर विषम, अशी रीत आहे. 2+1 म्हणजे दोन फ्लॅश, थोडा दम, मग एक: हा फाट्याचा बोया. मार्ग दोन वाटांना फुटतो तिथं असतो. लाल अंगावर मधे हिरवा पट्टा आणि दिवा लाल 2+1 असेल तर मुख्य वाट त्याच्या उजवीकडून जाते. हिरव्या अंगावर लाल पट्टा आणि दिवा हिरवा 2+1, तर मुख्य वाट डावीकडून. पट्टा विसरा हवं तर. मुख्य वाटेनं जायचं असेल तर तो अंगाच्या रंगाचाच साधा बोया समजून वागा, बरोबर जाल.

आणि आपल्या खाड्यांपुरतं एक: बोया नाही याचा अर्थ पाणी मोकळं असा नाही. डोल जाळ्यांचे खुंट दिव्याशिवाय उभे असतात, भरतीला जेमतेम वीतभर डोकं वर. त्यांना आयाला माहीत नाही.

वल्हं_आणि_वारा

टॉपमार्कवर बोलतो, हा माझा आवडता भाग.

कार्डिनलच्या डोक्यावर दोन काळे शंकू, एकावर एक. शंकूचं टोक जिकडे, काळा रंग तिकडे. सगळा तक्ता या एका ओळीत बसतो.

उत्तर: दोन्ही टोकं वर, अंगावर वर काळं आणि खाली पिवळं.
दक्षिण: दोन्ही टोकं खाली, वर पिवळं आणि खाली काळं.
पूर्व: टोकं बाहेरच्या बाजूंना, एक वर एक खाली; काळं वर आणि खाली, मधे पिवळा पट्टा.
पश्चिम: टोकं एकमेकांकडे, काळा पट्टा मधे, वर-खाली पिवळं.

पूर्व-पश्चिमेसाठी इंग्रजी पुस्तकं अंडं आणि वाइनचा पेला सांगतात. आपल्याकडे याहून जवळच्या वस्तू आहेत. पश्चिमेचा टॉपमार्क म्हणजे डमरू, मधे कंबर बारीक. पूर्वेचा म्हणजे शंकरपाळी, मधे फुगीर. दोन शंकूंमध्ये फट असते, पण दुरून बाह्यरेषा तीच दिसते. काळा डागच दिसतोय ना? मग डाग मधे जाड आहे की बारीक एवढंच बघा.

बोयाचं अंग खांबासारखं किंवा काठीसारखं असेल तर त्या आकाराला काही अर्थ नाही. अर्थ फक्त डबा, शंकू आणि गोल या तीनच अंगांना. बाकी ठिकाणी रंग आणि टॉपमार्क.

संध्याकाळी नवी मुंबईहून पश्चिमेला निघालात की सूर्य डोळ्यांत असतो. अशा वेळी हिरवा, लाल, काळा सगळे एकच: काळे. तिथं रंगावर निकाल देणारा माणूस बोट घालवतो. बाह्यरेषा पाहा, नाहीतर बोया मागं पडून सूर्य पाठीशी येईपर्यंत लांबून जा.

पक्ष्यांनीही गोंधळ घालून ठेवलेला असतो. लाल बोयाच्या वरच्या भागावर विष्ठेचा पांढरा थर बसला की तो लाल-पांढरा दिसतो आणि नवशिक्याला सुरक्षित पाण्याचा बोया वाटतो. फरक असा की सुरक्षित पाण्याच्या बोयाचे लाल-पांढरे पट्टे उभे असतात, वर एकच लाल गोल. विष्ठा उभे पट्टे काढत नाही. जुना लाल उन्हानं गुलाबी-नारिंगी होतो, पिवळा मळका होतो. टॉपमार्क तर आदळाआपटीत तुटूनही जातो, दोन शंकूंपैकी एकच उरतो आणि भलताच अर्थ निघतो. कार्डिनलवर एकच काळा शंकू दिसला तर तो नवीन प्रकार नव्हे, मोडका बोया आहे. अंगाचे पट्टे वाचा.

गोलांची गल्लतही ऐकायला मिळते. दोन काळे गोल, अंग काळं, त्यावर लाल पट्टा: एकटा धोका. दिवा पांढरा, दोन-दोन फ्लॅश. दोन गोल, दोन फ्लॅश. भोवती पाणी आहे, पण धोका बोयाच्या अगदी पायाशी किंवा लगतच आहे, चारी बाजूंनी अंतर ठेवून जा. एक लाल गोल: सुरक्षित पाणी. दिवा पांढरा आणि निवांत: आयसोफेज, ऑकल्टिंग, दर 10 सेकंदांनी एक लाँग, किंवा मोर्सचा ‘ए’, म्हणजे एक आखूड एक लांब. साधारणपणे घाई दाखवणारा पांढरा दिवा काहीतरी टाळायला सांगत असतो आणि संथ पांढरा ‘या, इथं पाणी आहे’ म्हणतो. हा नियम नाही, कानाला लागलेली चाल समजा.

नेरूळ_जेट्टी_7

थोडं वेगळं: बोटीवरून नारिंगी-पिवळा दिवा लुकलुकताना दिसला की पिवळा विशेष बोया म्हणायचं ना? फुलीच्या टॉपमार्कवाला?

सुकाणू_सांभाळ

फुली बरोबर. पिवळं अंग, पिवळी फुली, पिवळा दिवा, आणि पांढऱ्या दिव्यांना राखून ठेवलेले ठेके त्याला वापरत नाहीत. पाइपलाइन, केबल, गाळ टाकायची जागा, मोजमापाची यंत्रं अशा कामांना हा बोया असतो. नेमकं कशासाठी ते नकाशाच सांगतो. तो दिसला म्हणजे खडकच आहे असं नाही, तसंच आडवं कापून जायला मोकळीक आहे असंही नाही.

पण आपल्या पाण्यात लुकलुकणारं सगळंच बोया नसतं. जाळ्यांना बांधायचे स्वस्त दिवे बाजारात मिळतात, लाल-हिरवा-निळा आळीपाळीनं किंवा एकच रंग झपझप. त्यांना कसलाच ठेका नसतो. तीन आवर्तनं मोजून एकही जुळलं नाही तर ते जाळं समजा आणि लांबून जा, पंख्यात दोर अडकला तर त्या रात्रीचा बेत संपला. दुसरा फसवा दिवा पुलावरचा. अटल सेतू किंवा वाशीच्या पुलाच्या कठड्यामागून गाडी गेली की तिचा दिवा खांबाखांबांत तुटतो आणि थेट क्विक फ्लॅश वाटतो. दहा सेकंद थांबा, तो सरकेल. बोया सरकत नाही.

नकाशा_आणि_कर्कटक

चौथ्या प्रश्नावर कुणी हात घातला नाही, मी घालते.

समजा नकाशावर बोयाशेजारी छापलंय: क्यू, कंसात 6, अधिक एल-एफ-एल, 15 एस. वाचायचं असं: क्विक सहा, मग एक लाँग, पूर्ण आवर्तन 15 सेकंद. दिव्याच्या रंगाचं अक्षर कुठंच नाही, याचा अर्थ पांढरा. पांढऱ्याचं अक्षर बहुधा गाळतात; लाल, हिरवा, पिवळा असेल तर अक्षर येतंच. खाली वाय-बी असेल तर ते अंगाचे रंग, वरून खाली: वर पिवळा, खाली काळा. दक्षिण. बी-वाय-बी म्हणजे पूर्व, वाय-बी-वाय म्हणजे पश्चिम, बी-आर-बी म्हणजे एकटा धोका.

पुढे आकड्याला लहान लिपीतला एम असेल तर ती मीटरमध्ये उंची, मोठ्या लिपीतला एम असेल तर सागरी मैलांत पल्ला. तरंगत्या बोयाला उंची सहसा देत नाहीत. मीटर छापलेत म्हणजे ती वस्तू तळाला रोवलेली, पक्की उभी असण्याची शक्यता जास्त. चित्रही बघा: बोयाचं चिन्ह किंचित तिरकं असतं आणि त्याची जागा म्हणजे पायाशी असलेलं छोटं वर्तुळ. रोवलेल्या खांबाचं चिन्ह सरळ उभं.

पल्ला छापील असला तरी लहान बोटीवरून तेवढा मिळेलच असं नाही. तो 10 सागरी मैल दृश्यमानता धरून ठरवलेला असतो. शिवाय पृथ्वीचा गोलावा आहे. तुमचे डोळे पाण्यापासून दीड मीटरवर आणि दिवा 3 मीटरवर असेल तर हिशेब असा: दीडचं वर्गमूळ 1.22, तिनाचं 1.73, बेरीज 2.95, गुणिले 2.08, म्हणजे सुमारे 6 मैल. त्यापलीकडे दिवा कितीही प्रखर असला तरी क्षितिजाखाली. हिवाळ्यातल्या पहाटे खाडीवर धुरकं बसतं तेव्हा यातला एखादा मैल हाती लागला तरी नशीब.

लाल टॉर्चखाली नकाशा वाचण्याची सवय चांगली, डोळे टिकतात. पण नकाशावरचा जांभळट रंग लाल उजेडात जवळजवळ नाहीसा होतो. बोयाच्या दिव्याची खूण, दिशेचा बाण, निषिद्ध क्षेत्राच्या सीमा बहुतेक त्याच रंगात असतात. निघण्याआधी दिवसाउजेडी बघून मार्गातले बोये क्रमानं वहीत उतरवा: नाव किंवा क्रमांक, ठेका, आवर्तन, आणि तो आपल्या कुठल्या हाताला यायला हवा. रात्री ती वहीच उपयोगी पडते, नकाशा नाही.

नकाशा जुना असेल तर हे सगळं वाया. भारतीय नकाशे देहरादूनच्या राष्ट्रीय जलमाप कार्यालयाचे, त्यांच्या ‘नोटिसेस टु मरिनर्स’ दर पंधरवड्याला निघतात. हाती नकाशा आला की शेवटची दुरुस्ती कोणती ते डाव्या खालच्या कोपऱ्यात आधी बघायचं.

चेंदणी_बंदर

वहीचं पटलं. त्यात जोड: बोयाला स्थान समजू नका. साखळी पाण्याच्या खोलीपेक्षा लांब ठेवावी लागते, म्हणून तो एका वर्तुळात फिरतो. मोठ्या उधाणाला मुंबईकडे भरती-ओहोटीत पाचेक मीटरचा फरक पडू शकतो. ओहोटीला पाणी कमी, साखळी तेवढीच, म्हणजे वर्तुळ आणखी मोठं. पावसाळ्यात वजनासकट ओढलाही जातो. जोराच्या प्रवाहात बोया कलतो, आणि एलईडीचा झोत उभ्या अंगानं अरुंद असल्यामुळे तो तुमच्या डोक्यावरून किंवा पाण्यात जातो. तेव्हा नऊमधले दोन फ्लॅश गायब झाले तर दोष नेहमी तुमचाच असतो असं नाही.

ताळा कशानं करायचा? जमिनीवरच्या पक्क्या दोन खुणांची दिशा, खोलीमापक, जीपीएस. यातल्या दोन गोष्टी बोयाशी जुळल्या तर बोया जागेवर आहे. एआयएस (रेडिओवरून ओळख आणि जागा कळवणारी यंत्रणा) असेल तर बोयांचे क्रमांक 99 ने सुरू होतात, भारताचे 99419 ने. पुढचा आकडा 1 असेल तर तिथं खरी वस्तू आहे, 6 असेल तर ती फक्त स्क्रीनवरची खूण, पाण्यात काहीच दिसणार नाही. बोया विझलेला किंवा सरकलेला आढळला तर बंदर नियंत्रणाला व्हीएचएफ रेडिओवर कळवा. जागा, वेळ आणि काय दिसलं, एवढं पुरे.

वल्हं_आणि_वारा

निळ्या-पिवळ्याचं राहिलं, परीक्षक हल्ली विचारतात. निळे-पिवळे उभे पट्टे, कमीत कमी चार, जास्तीत जास्त आठ. वर पिवळा उभा क्रॉस. अधिकच्या चिन्हासारखा, फुलीसारखा नव्हे. दिवा निळा 1 सेकंद, अर्धा सेकंद अंधार, पिवळा 1 सेकंद, अर्धा सेकंद अंधार, एकूण 3. अर्थ: नुकतंच काहीतरी बुडालंय आणि नकाशावर अजून आलेलं नाही. डिसेंबर 2002 मध्ये इंग्लिश खाडीत ‘ट्रायकलर’ हे गाड्या वाहणारं जहाज टक्कर होऊन बुडालं. त्यानंतर महिन्याच्या आत आणखी दोन जहाजं त्याच बुडालेल्या सांगाड्यावर जाऊन आदळली, तीही खुणा लावलेल्या असताना. त्यातून हा बोया आला. दिसला तर कुठली बाजू वगैरे विचार करू नका, मोठा वळसा घाला.

नकाशा_आणि_कर्कटक

@करावे_काठ, आता तुमची परीक्षा. जागा काल्पनिक आहे, नकाशात शोधू नका. समुद्राकडून आत येताय, कोर्स 040, म्हणजे होकायंत्रावर 40 अंश, साधारण ईशान्य. (क) नाळेच्या थोडा उजवीकडे पांढरा: झपझप तीन, अंधार, पाच सेकंदांनी पुन्हा तीन. (ख) त्याच्या बऱ्याच पुढे हिरवा 2+1. (ग) डावीकडे स्थिर लाल आणि बरोबर त्याच्या खाली स्थिर पांढरा. काय काय आहे आणि काय कराल?

करावे_काठ

(क) व्हेरी क्विक तीन, म्हणजे पूर्व. उजवीकडे दिसतोय, तसाच उजव्या हाताला ठेवून पुढे जाईन. (ख) हिरवा फाट्याचा, अंगावर लाल पट्टा, मुख्य वाट डावीकडे. हिरव्यासारखा उजव्या हाताला ठेवेन. (ग) लाल बोया, आत येताना डावीकडेच हवा. ठीक.

नकाशा_आणि_कर्कटक

(ख) पूर्ण बरोबर. (क) ओळखलात बरोबर, वागलात चूक. पूर्वेचा बोया म्हणजे ‘माझ्या पूर्वेला पाणी आहे’. धोका त्याच्या पश्चिमेला. 040 वर जाताना तो उजव्या हाताला ठेवलात तर तुम्ही त्याच्या वायव्य अंगानं, म्हणजे थेट धोक्यावरून जाणार. उजवीकडे वळायचं, त्याच्या पूर्वेनं जायचं, आणि तो डाव्या हाताला सोडायचा. कार्डिनलला डावा-उजवा नसतोच, तिथं हातापेक्षा होकायंत्र बघायचं. बोया दिसला की आधी होकायंत्रावर त्याची दिशा घ्या, मग त्याची पूर्व कुठं येते ते बोटानं दाखवा, आणि मगच सुकाणू.

(ग) बोया नाही. नेहमीच्या बोयाचा दिवा स्थिर नसतो, त्याला ठेका असतो. स्थिर लालखाली स्थिर पांढरा म्हणजे मासेमारी करणारी बोट, ट्रॉल (बोटीमागं ओढायचं जाळं) सोडून दुसऱ्या जाळ्याची. वर हिरवा असता तर ट्रॉलर. तिचं जाळं 150 मीटरपेक्षा जास्त लांब पसरलं असेल तर त्या बाजूला आणखी एक पांढरा दिवा लावायचा नियम आहे. तो शोधा, आणि लाल-पांढरा व तो यांच्या मधून जाऊ नका.

करावे_काठ

(क) समजलं. बोटानं दाखवायची युक्ती आजपासूनच. डमरू आणि शंकरपाळी वहीच्या पहिल्या पानावर काढलेत.